ऑक्टोबरचं पान

हुल्स्टबाईंच्या बासष्टाव्या वाढदिवसाला तीन पाहुणे आले, आणि साडेतीनच्या सुमारास त्यातला एक संडासात गेला. यात घाबरण्यासारखं काही नाही. माणसं वाढदिवसाला येतात, कॉफी या नावाने जे काही मिळतं ते पितात, आणि प्यायलेलं कधीतरी बाहेर जायचंच. युडिक स्वयंपाकघरात बिटाच्या केकचे पाच तुकडे पाडत होती, त्यातला एक जरा पातळ, तो तिचा. पॅसेजमधून कडी सरकल्याचा आवाज आला. त्याच वेळी हुल्स्टबाई मागून आत आल्या, दार ओढून घेतलं, आणि परीक्षेत पहिल्या आलेल्या मुलीसारख्या लाजत उभ्या राहिल्या. म्हणाल्या की वाढदिवस माझा, पण भेट मी तुला दिलीय, आणि तू आहेस की तुझं लक्षच नाही. सकाळपासून आत गेली नाहीस का? युडिक म्हणाली, नाही, पिठाच्या रांगेत होते, मग बीट किसत होते. "मग बघशील," हुल्स्टबाई म्हणाल्या, "तेवीस तारखेला. मोसला लिहिलंय मी. शाईने."

सुरी बिटात अर्ध्यावर थांबली.

कॅलेंडर होतं ते संडासाच्या दाराला आतून, बसल्यावर बरोबर नाकासमोर येईल अशा उंचीवर, जसं ते सगळ्यांच्याच घरात असतं. बारा महिन्यांची बारा पानं, त्यांवर वर्ष नाही, वार नाही, नुसती तारीख आणि तारखेपुढे रेघ; रेघेवर नाव आणि जन्मसाल. एकदा टांगलं की माणूस मरेपर्यंत पुरतं. हुल्स्टबाईंचं तर मेल्यावरही पुरत होतं, कारण त्या मेलेल्यांना खोडत नसत, नुसता शेजारी एक बारीक क्रॉस काढत, आणि मग दर वर्षी त्या तारखेला सकाळी आतून बाहेर येताना त्यांचा चेहरा थोडा वेगळा असे. ज्याचं नाव त्या दारावर नाही तो घरात येऊ शकतो, जेवू शकतो, अगदी अकरा महिने माळ्यावर झोपू शकतो, पण तो घरचा नव्हे. हे हुल्स्टबाईंना बरेच दिवस खुपत असणार. तीन आठवड्यांपूर्वी दोघी शेंगा सोलत बसल्या असताना त्यांनी सहज विचारलं होतं, तुझ्या नवऱ्याचा वाढदिवस कधी असतो गं. युडिकने तितक्याच सहज सांगितलं होतं. सांगताना तिला बरं वाटलं होतं, एवढंच तिला आता आठवत होतं.

आणि ही तीच बाई, जिने पहिल्या रात्री युडिकच्या रुमालाच्या कोपऱ्यावरचं तिच्या नावाचं भरलेलं अक्षर चष्मा लावून टाका टाका उसवलं होतं. जिने तिच्याकडून जेवणाआधीची ख्रिस्ती प्रार्थना अशी घोकून घेतली होती की आता ती झोपेतही म्हणेल. दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांवरून घरात माणसं किती ते शेजाऱ्यांना कळतं, म्हणून जी दोघींचे पायमोजे वेगवेगळ्या दिवशी धुवायला लावी. अशी बाई सकाळी उठते, आज आपला वाढदिवस म्हणून प्रसन्न असते, दौत घेऊन संडासात जाते, आणि शाळामास्तराच्या विधवेला शोभेल अशा वळणदार अक्षरात ते एक नाव लिहून टाकते. मोस. हे नाव हॉलंडमध्ये ज्यूंशिवाय दुसऱ्या कुणाचं असत नाही. सलूनमध्ये, बारमध्ये, लग्नात जो विनोद सांगतात त्यातला ज्यू मोस नावाचाच असतो. युडिकच्या नवऱ्याने आयुष्यभर ओळख करून देताना समोरच्याच्या ओठांचे कोपरे हलताना पाहिले होते; त्याची त्याला इतकी सवय झाली होती की कुणी हसलं नाही तर तो स्वतःच म्हणायचा, हसा हो, तेवढंच एक फुकट आहे.

आत कोण आहे हे विचारायची गरज नव्हती. आलेडा, बाईंची नणंद, बाहेर मोठमोठ्याने बोलत होती. स्पानबाई तिला हो ला हो करत होती. म्हणजे आत स्पान. दोन घरं सोडून राहणारा, एकोणीस वर्षं न चुकता या वाढदिवसाला येणारा, उंच, किडकिडीत, गळ्याशी नेहमी एक बटण जास्त लावल्यासारखा दिसणारा स्पान. नगरपालिकेच्या नोंदणी कचेरीत तो हेड क्लार्क होता. या लायडन शहरातल्या प्रत्येक माणसाचं एक कार्ड असतं. जन्म, लग्न, मुलंबाळं, धर्म, पत्ता, सगळं त्यावर. आणि त्या कार्डांच्या कपाटांच्या चाव्या याच्या कमरेला. त्याची बायको सांगे की रस्त्याने जाताना हा लोकांना नावाने ओळखत नाही, तारखेने ओळखतो. गेल्या नोव्हेंबरात, युडिक आंत्ये नावाने या घरात मोलकरीण म्हणून आली त्या आठवड्यात, त्याने तिला बादलीसह दारात गाठून विचारलं होतं, गाव कुठलं. ती म्हणाली, रॉटरडॅम, बॉम्बमध्ये सगळं गेलं. घोकलेलं होतं तसं. तो म्हणाला, "हं." पुढे काही नाही. तो "हं" अकरा महिने ती उलटसुलट करून पाहत होती. त्यात सहानुभूती होती का? कंटाळा होता का? सर्दी होती का? एखाद्या रात्री ती त्याला तीन प्रकारे म्हणून पाही, माळ्यावर, उशीत तोंड खुपसून.

आत स्पान आहे हे हुल्स्टबाईंना कळलं तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग बिटाच्या उलट दिशेने गेला. आतला माणूस नुसता गेला असेल, बसला नसेल, तर पाठ दाराकडे राहील, आणि मग वाचणार नाही, हा विचार दोघींच्या मनात एकाच वेळी आला असावा, कारण दोघींनी एकाच वेळी घड्याळाकडे पाहिलं. नुसता गेलेला माणूस या वेळेपर्यंत परत आला असता. स्पान बसला होता. युद्धाच्या पावाने सगळ्या देशाचीच पोटं बिघडली होती; काहींना फार वेळ लागे, काहींना मुळीच लागत नसे, आणि स्पान पहिल्या प्रकारातला आहे हे त्याच्या बायकोने मघाशीच, सगळ्यांसमोर, काळजीच्या स्वरात सांगितलं होतं. म्हणजे समोर ऑक्टोबर, वाचायला दुसरं काही नाही, आणि वेळच वेळ.

युडिकने ट्रे उचलला. खुर्च्या गोल मांडल्या होत्या, वाढदिवसाला मांडतात तशा, प्रत्येकाचे गुडघे प्रत्येकाच्या समोर, आणि मधली एक खुर्ची रिकामी. आलेडाने तिला पाहताच परत एकदा अभिनंदन केलं, तुमच्या बाईंच्या वाढदिवसाबद्दल, कारण इथे जिचा वाढदिवस तिचंच नव्हे तर घरातल्या सगळ्यांचं करायचं असतं, आणि पंचाहत्तरीची आलेडा मोलकरणीलाही सोडत नसे. मग तिने केककडे पाहिलं आणि म्हणाली, बीट तेच, वेगळ्या कपड्यात. मग म्हणाली, "काय गं आंत्ये, तुझ्या कीसचं पत्र?"

कीस म्हणजे आंत्येचा नवरा. तो ब्रेमेनमध्ये कारखान्यात कामाला गेलेला होता, सक्तीने, इतर हजारो डच नवऱ्यांसारखा, आणि तो मुळात अस्तित्वात नव्हता. आलेडाला त्याची फार आवड. दर भेटीत ती त्याच्या पत्राची चौकशी करी, आणि युडिक दर भेटीत एक पत्र रचे. अकरा महिन्यांत कीसने तिला बावीस-तेवीस पत्रं लिहिली होती, मोसने एक. त्यामुळे होता होता कीस थोडा मोससारखा बोलायला लागला होता, हे तिच्या लक्षात आलं होतं आणि ते तिला थांबवता आलं नव्हतं. आता ट्रे हातात, कान पॅसेजकडे, ती म्हणाली की हो, आलं ना, गेल्या मंगळवारी. काय म्हणतो? म्हणतो की बराकीत बत्तीस माणसं घोरतात, त्यातला एक सुरात. आलेडा हसली. आणि काय? आणि म्हणतो की सूपमध्ये एक बटाटा दिसला, पण तो दुसऱ्याच्या वाडग्यात. आलेडा परत हसली, म्हणाली, ठेवणीतला माणूस आहे तुझा, मला दिला असता तर मी ठेवून घेतला असता. स्पानबाई म्हणाली, किती वेळ झाला नाही यांना.

ॲमस्टरडॅमच्या घरात त्यांचं स्वतःचं कॅलेंडर जिन्याच्या वळणावरच्या संडासात होतं. ते एक तिथेच राहिलं, बाकी सगळं गेल्यावरही. म्हणजे तिने तरी ते काढलं नाही. मोसने काढलं असेल तर माहीत नाही, पण मोस असल्या गोष्टी काढणारा नव्हता, तो मांडणारा होता. तो दुकानांच्या खिडक्या सजवायचा. मोठ्या कापड दुकानाच्या सहा काचा त्याच्याकडे होत्या, नंतर ज्यू म्हणून काढलं, मग ओळखीतल्या लहान दुकानदारांच्या तो चोरून मांडून द्यायचा, पडद्याआड बसून. आणि त्या वर्षी मांडायला काय होतं, तर रिकामी खोकी. चहाची रिकामी खोकी, साबणाची रिकामी खोकी, समोर छोटी पाटी, आत काही नाही. तो म्हणे, माझ्या कलेचा हा सर्वोत्तम काळ आहे. त्यांच्या कॅलेंडरवर छत्तीस नावं होती. तिची आई, बहिणी, त्याची आई, त्याच्या आईच्या बहिणी, चुलत, मावस, सगळा गोतावळा. घर रिकामं करायला आलेली माणसं चमच्यांपासून पडद्याच्या कड्यांपर्यंत सगळं नेतात असं ऐकलं होतं. संडासातलं कॅलेंडर नेतात का याबद्दल कुणी काही सांगितलेलं नव्हतं. मग तिथे राहायला दुसरं कुणी आलं असेल. सकाळी ते कुणीतरी बसत असेल, आणि समोर छत्तीस माणसांचे वाढदिवस, तारीखवार. ते वाचत असेल का? तिच्या आईच्या तारखेला त्याला काही वाटत असेल का? आणि आता इथे हा स्पान. एकाच वेळी दोन अनोळखी माणसं दोन शहरांत बसून तिचं घर वाचताहेत असं तिला वाटलं, आणि तिने केकचं ताट आलेडाला न देता रिकाम्या खुर्चीवर ठेवलं, तेव्हा आलेडा म्हणाली, तुला बरं नाही का गं.

बरं नाही, हे तिला म्हणता आलं असतं. बरं नाही म्हणून वर माळ्यावर, तिथून कौलांवर, तिथून पुढे काय ते माहीत नव्हतं. पण ती बसली, दाराशी, स्टुलावर. तिच्या जाण्याच्या वाटेत एक अडचण होती आणि ती अडचण मोस होता. लपायला जागा एकच मिळाली होती, मोलकरणीची. मोस म्हणाला होता, मला ॲप्रन शोभत नाही, तू जा. त्याची आई अंथरुणाला खिळलेली. तिला सोडून तो गेला नसता, आणि तो तसं म्हणणार नव्हता, म्हणून ॲप्रन. निरोप आणणाऱ्या बाईने बजावलं होतं की पत्ता नवऱ्याला सांगायचा नाही, नवऱ्याला मुळीच नाही, कारण नवऱ्यांकडून तो काढून घेतात. युडिकने त्या रात्री स्वयंपाकघरात, नळ सोडून, त्याच्या कानात सांगितला. त्याने तो दोनदा म्हणून दाखवला. मग म्हणाला की आईचं काही झालं, काही म्हणजे काहीही, की मी येतो. बेल दाबीन आणि म्हणेन, काचा पुसायला माणूस हवाय का. फेब्रुवारीत दोघांना नेलं. एप्रिलमध्ये वेस्टरबॉर्कच्या छावणीतून लपणाऱ्यांना घरं आणि कागद मिळवून देणाऱ्या बेकरीणबाईंच्या हस्ते एक कार्ड आलं. त्यात लिहिलं होतं: इथे खिडक्या पुष्कळ आहेत, पण मांडायला माल नाही. मग ते कार्ड चुलीत. मग त्या दोघांना आगगाडीने पूर्वेकडे नेलं. पूर्वेकडून कार्डं येत नाहीत, पण माणूस येणारच नाही असं कुणी अजून सिद्ध केलेलं नव्हतं, आणि आला तर त्याला जगात एकच पत्ता माहीत होता. हे घर. हे दार. या दाराशी ती नसेल तर ती कुठेच नसेल.

कडी सरकली. नळाचं पाणी वाहिलं, बराच वेळ, नखं धुतल्यासारखं. स्पान आत आला, आपल्या खुर्चीत बसला, पँटच्या घड्या सरळ केल्या. त्याने कुणाकडे पाहिलं नाही. मग पाहिलं, प्रत्येकाकडे, आणि युडिककडे इतरांइतकंच. ते इतरांइतकंच होतं की मोजून इतरांइतकंच केलेलं होतं, हे ती पुढचा सव्वा तास तपासत राहिली. त्याने केक खाल्ला. छान झालाय म्हणाला. आलेडा म्हणाली, तुम्ही नोंदणीवाले खोटं बोलू शकता हे आजच कळलं. तो कसनुसा हसला. त्याच्या कोटाच्या आतला खिसा थोडा फुगलेला होता, किंवा तो नेहमीच तसा असे. पाच वाजता ते उठले. युडिकने त्याचा ओव्हरकोट धरला. त्याने बाह्यांत हात घातले, तिच्याकडे पाठ करून, आणि क्षणभर थांबला, जणू काही बोलायचं आहे आणि बायको जिन्याशी उभी आहे. मग म्हणाला, "सांभाळा." सगळेच म्हणतात.

दार लागल्यावर दोघी एकमेकींना धडकत पॅसेजमध्ये आल्या. कॅलेंडर होतं. सप्टेंबरच्या मागे नोव्हेंबर होता. ऑक्टोबर मुळापासून, नीट, कडेची दोरीही न ओढता काढलेला. आणि मग युडिकचं लक्ष खालच्या खिळ्याकडे गेलं, ज्याला वर्तमानपत्राचे चौकोनी तुकडे अडकवलेले असतात; ते कापून लावायचं काम तिचं. खिळा रिकामा होता. सकाळी पिठाची रांग, मग बीट. ती विसरली होती.

पाच-दहा मिनिटं त्या दोन बायका त्या कोंदट जागेत उभ्या राहून त्या माणसाच्या नैसर्गिक गरजेविषयी तर्क करत होत्या. भांडं स्वच्छ होतं. त्यावरून काहीच ठरत नव्हतं. हुल्स्टबाई म्हणाल्या, कागद नव्हता, बिचारा काय करणार. मग स्वतःच म्हणाल्या की पण सभ्य माणूस आहे तो, ज्या बाईच्या वाढदिवसाला आला तिचाच महिना फाडेल का. मार्च फाडला असता, मार्चमध्ये कुणी नाही. मग म्हणाल्या, समोरचं पान होतं, हाताला तेच आलं असेल. आपणच लिहिलं हे त्या म्हणाल्या नाहीत. त्या नुसत्या उजव्या हाताच्या बोटांकडे पाहत होत्या, पहिल्या बोटाला अजून निळं होतं. युडिकला त्यांचा राग यायला हवा होता. त्याऐवजी तिला असं वाटत होतं की गेल्या दोन वर्षांत मोसचं नाव जितक्या वेळा लिहिलं गेलं, नोंदणीत, यादीत, बोलावण्यात, दुसऱ्या यादीत, तितक्या वेळा ते त्याला कुठून तरी कुठे तरी नेण्यासाठी लिहिलं होतं. आणि एकदाच कुणीतरी ते केक करायचा म्हणून लिहिलं, आणि ते तिला पाहायलाही मिळालं नाही.

लपणाऱ्यांचा नियम साधा होता. शंका आली की तासाभरात निघायचं. पुढचा पत्ता मागच्या घराला सांगायचा नाही. मागच्या घराने विचारायचा नाही. म्हणजे धागा तिथेच तुटतो, त्याचसाठी तो नियम. एकटी असती तर ती थांबली असती, हे तिला पक्कं माहीत होतं. शंभर स्पान आले असते तरी या दाराशी बसून राहिली असती. पण समोर ही म्हातारी होती, निळ्या बोटाची, आणि ज्यांच्या घरात असं कुणी सापडतं त्यांनाही नेतात. हुल्स्टबाई तिला जा म्हणाल्या नाहीत. त्यांनी फक्त जिन्याखालून बॅग काढली, आणि तिच्यात उरलेला केक ठेवला, पातळ तुकडा आणि आणखी एक. दारात त्यांनी विचारलं, "तो आला तर मी काय सांगू?"

युडिकने त्यांच्याकडे पाहिलं आणि तिला दिसलं की हुल्स्टबाईंना तो येईल असं वाटत नाही. बहुधा कधीच वाटलं नव्हतं. त्या विचारत होत्या ते प्रेमाने, जसं आजाऱ्याला विचारतात की बरा झाल्यावर कुठे जाऊ या. शाईने लिहिलं तेही मग तसंच असेल, शेजारी क्रॉस काढायला जागा सोडून. पण तीही प्रेमाने म्हणाली, "त्याला बसवून घ्या. चहा द्या. भांडू नका त्याच्याशी, तो विनोद करेल." आणि बाहेर पडली.

कालव्याकाठी उजेड होता अजून. बॅग घेऊन चालणारी बाई ही सगळ्यात जास्त दिसणारी वस्तू आहे असं तिला वाटत होतं. प्रत्येक खिडकीत झाडाची कुंडी आणि कुंडीमागे एक चेहरा. घाई करायची नाही. स्पानच्या घरावरून जाताना तिने मान वळवली नाही, आणि दार उघडल्याचा आवाज आला तेव्हाही नाही. पावलं मागून आली, लांब टांगांची, आणि तिच्या बरोबरीला आली. "सामान जड दिसतंय," स्पान म्हणाला, आणि तिच्या हातून बॅग काढून घेतली. तिने ती दिली. ओरडणं, पळणं, हे सगळं शरीर विसरून गेलं होतं. पाय फक्त त्याच्या पावलांशी जुळवून घेत होते, आणि ते जुळताहेत याची तिला लाज वाटली. पुलापाशी डावीकडे पोलीस चौकी, उजवीकडे ट्राम. पुलाशी तो थांबला. मग पाण्याकडे पाहत, कान लाल होत, म्हणाला की आत कागद नव्हता. बाईंना तसं सांगायला संकोच वाटला.

मग म्हणाला, "ऑफिसबाहेर मी नावं वाचत नाही. एकोणतीस वर्षं वाचतोय. माणसाला सुटी हवी."

तो उजवीकडे वळला. थांब्यावर तीन माणसं होती, म्हणून तो जरा अलीकडेच थांबला, बॅग खाली ठेवली, आणि कचेरीत एखाद्याला अर्ज कसा भरायचा ते सांगावं तशा आवाजात म्हणाला, "रॉटरडॅमची घरं जळाली. कार्डं नाही जळाली. मागवली की चार दिवसांत येतात."

युडिकने विचारलं, तुम्ही माझं मागवलंत?

"मागवलं असतं तर नोव्हेंबरातच तुम्ही इथे नसता." त्याने हातमोजे काढले, परत घातले. "मिडेलबुर्ख म्हणायचं. तिथलं सगळं जळालंय."

म्हणजे तो "हं" हा होता. अकरा महिने ती या गल्लीत ज्या एका माणसाला भीत होती तो एकटाच तिच्यासाठी काहीतरी न करता बसला होता, रोज, कार्डांच्या कपाटासमोर. ती म्हणाली, मग मी परत जाऊ शकते, आत्ता, लगेच. ती हे इतक्या जोरात म्हणाली की थांब्यावरच्या एकाने वळून पाहिलं. स्पानने मागे, कालव्याकाठच्या खिडक्यांच्या रांगेकडे नजर टाकली. बॅग घेऊन निघताना तुम्हाला सगळ्यांनी पाहिलंय, तो हळू म्हणाला. तासाभरात परत गेलात तर का गेली होती हा प्रश्न होतो, नाही गेलात तर नुसती बातमी होते. बहिणीकडे आजारपण आहे असं मी बायकोला सांगतो, म्हणजे गल्लीला सांगितल्यासारखंच. त्याने टोपीला हात लावला. ट्राम आली. ती चढली, आणि ट्राम हलल्यावर तिला कळलं की तो खरं बोलला असेल यावर तिचा विश्वास आहे आणि तरी ती बेकरीच्या एक थांबा आधी उतरणार आहे. ती उतरली. उरलेलं अंतर शेतांच्या कडेने चालली, मागे पाहत, कुणी नव्हतं, आणि कुणी नाही यानेच मानेवरचे केस उभे राहत होते.

बेकरीणबाईंनी तिला मागच्या दाराने घेतलं, पिठाच्या पोत्यांमध्ये बसवलं, आणि कोरं ओळखपत्र, दौत, चष्मा घेऊन समोर बसल्या. त्यांना वेळ नव्हता. भट्टीत पाव होता. जन्मगाव? मिडेलबुर्ख. "वा," बेकरीणबाई म्हणाल्या, "कुणीतरी शहाणं भेटलेलं दिसतंय." नाव त्यांनीच ठरवून ठेवलं होतं. वय, तेहतीस, तसंच ठेवू. मग टाक हवेत धरून त्या म्हणाल्या, नवरा जर्मनीत हे आता चालत नाही हं. कुठला कारखाना, कुठली बराक, नंबर काय, सगळं विचारतात, आणि ताडून बघतात. आता दोनच. विधवा किंवा कुमारी.

"विधवाच लावते," त्या म्हणाल्या. "बरं पडतं. विधवेला कुणी फार विचारत नाही, आणि अंगठी ठेवता येते. कशात गेला म्हणायचं तेवढं ठरव, म्हणजे मीही तेच सांगेन."

युडिकने ठरवून पाहिलं. मिडेलबुर्ख जळालं तेव्हा घरात होता. नाही. छातीचा आजार. छाती त्याची चांगली होती, जिने तो दोन दोन पायऱ्यांनी चढायचा. बुडाला, पोहता येत नव्हतं त्याला, ते तर खरंच. ती एकेक त्याच्या अंगावर घालून पाहत होती, आणि प्रत्येक वेळी तो त्यात बसत होता. शेवटच्या वेळी तर इतका नीट बसला की तिने घाबरून डोळे उघडले. बेकरीणबाई टाक झटकत होत्या.

"कुमारी लिहा," युडिक म्हणाली.

"तेहतिसाव्या वर्षी? लोक काहीबाही बोलतील."

"बोलू देत."

"अंगठी काढावी लागेल मग. आत्ताच, इथेच. आणि मागायची नाही परत, मी विकणारही नाही आणि ठेवणारही नाही, वितळवायला देईन. घरात सापडली तर सगळ्यांचंच होईल."

अकरा महिने गरम पाण्यात बुडून बोटं सुजली होती. तिने अंगठी ओढून पाहिली, ती सांध्यापर्यंत आली आणि अडली. तिने दुसऱ्या बाजूने फिरवून पाहिलं. बेकरीणबाई लिहायला लागल्या.

"जरा साबण द्या," ती म्हणाली.